पुणे विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष : नव्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

बारावीनंतर महाविद्यालयात प्रवेश मिळालेला विद्यार्थी ‘मी पुणे विद्यापीठात शिकतो’ असे सांगतो आणि ते खरेही असते. परंतु पदवीच्या तीन-चार वर्षांत विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या आवाराशी त्याचा फारच थोडा संबंध येतो. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत नवख्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा बुद्धीची नसते. कोणती गोष्ट कोण ठरवते, ती कुठे लिहिलेली असते आणि तिची मुदत केव्हा संपते, हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. शाळेत या गोष्टी शिक्षक आणि पालक सांभाळत असत. इथे त्या स्वतः वाचून घ्याव्या लागतात. हा लेख कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. महाराष्ट्रातल्या इतर सार्वजनिक विद्यापीठांत तपशील वेगळे असले, तरी घडण पुष्कळशी सारखीच आहे.

आधी रचना समजून घ्या

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. बॅ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू होते आणि २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. गणेशखिंडीच्या आवारात मुख्यतः पदव्युत्तर विभाग आणि संशोधन चालते; पदवीचे बहुतेक विद्यार्थी तीन जिल्ह्यांत पसरलेल्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. अभ्यासक्रम, सत्र परीक्षेचे नियम आणि पदवी विद्यापीठाची असते. प्रवेश, वेळापत्रक, हजेरी, अंतर्गत गुण आणि रोजचे शिकवणे ही कामे महाविद्यालयाकडे असतात. काही महाविद्यालये स्वायत्त आहेत. ती आपला अभ्यासक्रम आणि आपल्या परीक्षा स्वतः ठरवतात, पदवी मात्र विद्यापीठाचीच देतात. आपले महाविद्यालय यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. स्वायत्त महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घेतला, तर तो चुकीच्या विषयपत्रिकेचा अभ्यास करत बसण्याची शक्यता असते.

पहिल्या पंधरवड्यातली कागदपत्रे

प्रवेश झाल्यावर विद्यापीठाकडून पात्रता तपासली जाते आणि विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक मिळतो. सगळे त्याला पीआरएन म्हणतात आणि परीक्षा अर्जापासून पदवी प्रमाणपत्रापर्यंत तोच चालतो. त्याबरोबरच डिजिलॉकरच्या माध्यमातून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते काढावे लागते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत तुम्ही मिळवलेले श्रेयांक जमा होतात आणि महाविद्यालय किंवा विद्यापीठ बदलले तरी ते सोबत नेता येतात. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि प्रवेश अर्ज यांवर नावाचे इंग्रजी स्पेलिंग, वडिलांचे नाव आणि आडनावाचा क्रम एकसारखा आहे ना, हे याच वेळी पाहावे. ही दुरुस्ती आता एका अर्जाने होते. तीन वर्षांनी तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र आणि हेलपाटे लागतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि घरापासून दूर राहणाऱ्यांसाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजनांच्या अटी तिथेच वाचायला मिळतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाच्या धामधुमीतच त्याचा अर्ज करून ठेवावा. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या पातळीवर पुढे गेला का, हे कार्यालयात जाऊन पाहणेही तितकेच आवश्यक आहे; तिथे अडकून पडलेला अर्ज विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही.

विषय निवडताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेला अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. कला आणि विज्ञान शाखेत पहिल्या वर्षी साधारणपणे तीन विषय घ्यायचे असतात आणि दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मुख्य व एक दुय्यम म्हणून पुढे न्यायचा असतो. यांखेरीज दुसऱ्या शाखेतला एखादा खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि राष्ट्रीय सेवा योजना किंवा क्रीडा यांसारखे सहअभ्यासक्रम असतात. यादी लांबलचक वाटते आणि पहिल्या दिवशी कोणीही गोंधळेल. त्यामुळे बरेच विद्यार्थी मित्राने जे घेतले तेच घेतात.

माझा आग्रह असा आहे की, तीन विषय ठरवण्याआधी त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे अभ्यासक्रमही चाळून पाहावेत. अर्थशास्त्र पहिल्या वर्षी गोष्टीसारखे वाचता येते, पण पुढे त्यात संख्याशास्त्र आणि गणित येते. मानसशास्त्रात प्रयोग आणि आकडेमोड असते. मराठी साहित्य घेणाऱ्याला भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्रही शिकावे लागते. जो विषय तिसऱ्या वर्षीही आवडेल असे वाटते, तोच मुख्य विषय होण्याच्या लायकीचा आहे. खुल्या विषयाच्या बाबतीत मात्र धाडस करायला हरकत नाही. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने इतिहासाचा किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीने साहित्याचा एखादा अभ्यासक्रम घेतला, तर तिला त्या विषयाची विचार करण्याची रीत कळते. दोन श्रेयांकांसाठी मिळणारी ही संधी ‘सोपा पेपर’ शोधण्यात घालवू नये.

श्रेयांकाचा हिशेब

श्रेयांक, म्हणजे रोजच्या बोलण्यातले क्रेडिट, हे अभ्यासाचे माप आहे. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक श्रेयांक. एका सत्रात २० ते २२ श्रेयांक असतात. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र किंवा दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, पण त्यासाठी कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा प्रत्यक्ष कामाचे चार श्रेयांक अधिक मिळवावे लागतात.

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाच्या ४० श्रेयांकांसाठी अभ्यासाचे १२०० तास धरलेले आहेत. म्हणजे २० श्रेयांकांच्या एका सत्राला ६०० तास आणि १५ आठवड्यांत विभागले, तर आठवड्याला ४० तास. यांतले २० ते २४ तास वर्गात आणि प्रयोगशाळेत जातात. उरलेले १६ ते २० तास स्वतःच्या वाचनाचे, लेखनाचे आणि उदाहरणे सोडवण्याचे असतात. सकाळचे महाविद्यालय साडेअकराला सुटले की दिवस मोकळा आहे असे वाटते, ते याच उरलेल्या तासांचा विसर पडल्यामुळे. हा वेळ आठवड्याच्या कोऱ्या वेळापत्रकावर प्रत्यक्ष मांडून ठेवावा. एसटीने किंवा पीएमपीने दोन-दोन तास प्रवास करणाऱ्यांनी घरी परतल्यावर अभ्यास करू असे ठरवू नये. दमलेल्या डोळ्यांनी अर्थशास्त्राचे पान पुढे सरकत नाही. शेवटचा तास झाल्यावर दीड-दोन तास ग्रंथालयात बसून मग गाडी पकडणे हा त्यावरचा उत्तम उपाय आहे.

निकालात टक्क्यांऐवजी श्रेणी आणि सत्राची सरासरी येते. या दहा गुणांकांच्या पद्धतीत ‘ओ’ श्रेणीला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, ‘बी प्लस’ला ७ आणि ‘बी’ला ६ असे गुणांक असतात. प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या श्रेयांकांनी गुणून बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचे. समजा, चार श्रेयांकांच्या एका विषयात ‘ए’, दुसऱ्यात ‘बी प्लस’ आणि दोन श्रेयांकांच्या विषयात ‘ओ’ मिळाली, तर ३२, २८ आणि २० मिळून ८० होतात आणि सरासरी ८ येते. आता चार श्रेयांकांचा पहिला विषय ‘ए’वरून ‘बी’वर घसरला, तर सरासरी ७.२ होते, त्याऐवजी दोन श्रेयांकांचा विषय तितक्याच, म्हणजे दोन गुणांकांनी घसरला, तर ती ७.६ राहते. वेळ कोणत्या विषयाला किती द्यायचा, याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

अभ्यासक्रम, तास आणि टिपणे

प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. तो छापून वहीच्या पहिल्या पानाला लावावा. त्यात घटक, प्रत्येक घटकाला दिलेले तास आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते. बारा तासांच्या घटकावर परीक्षेत अधिक भार येणार, हे उघड आहे. संदर्भग्रंथांच्या यादीकडे विद्यार्थी ढुंकूनही पाहत नाहीत आणि बाजारातल्या गाइडवर विसंबतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. यादीतली सगळी पुस्तके वाचणे शक्य नसते. पण प्रत्येक विषयाचे एक चांगले पाठ्यपुस्तक ठरवून ते पहिल्या पानापासून वाचले, तरी गाइडमधली सुटी वाक्ये कुठून आली आणि कशासाठी आली हे कळू लागते.

बहुतेक महाविद्यालयांत किमान ७५ टक्के हजेरीची अट असते. ती पूर्ण झाली नाही, तर सत्र मान्य होण्यात अडचण येते. मात्र हजेरीपुरते वर्गात बसणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. तासाला जाण्याआधी त्या दिवशीचा भाग पंधरा मिनिटे वाचावा, वर्गात प्रत्येक वाक्य उतरवून न घेता युक्तिवादाचे टप्पे टिपावेत आणि त्याच दिवशी संध्याकाळी टिपणातल्या मोकळ्या जागा पुस्तक पाहून भराव्यात. न कळलेल्या ठिकाणी समासात खूण करावी. मोठ्या वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असले की हात वर करायला संकोच वाटतो. तास संपल्यावर किंवा विभागात जाऊन ‘सर, या ठिकाणी मला हे समजले नाही’ असे नेमके विचारावे. ‘मॅडम, काहीच कळले नाही’ या वाक्याला शिक्षकांकडेही उत्तर नसते. आपल्याकडे शिक्षकांना भेटायला जाणे म्हणजे पुढेपुढे करणे असा एक समज आहे. तो सोडून द्यावा. पुढे शिफारसपत्र, प्रकल्प किंवा एखाद्या पुस्तकाचे नाव हवे असेल, तेव्हा तुम्हाला नावाने ओळखणारे दोन तरी प्राध्यापक महाविद्यालयात असले पाहिजेत.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

तालुक्याच्या गावातून मराठी माध्यमातून शिकून पुण्या-नाशिकच्या महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या सत्रात सर्वांत जास्त भीती वाटते ती इंग्रजीची. कला आणि वाणिज्य शाखेतल्या अनेक विषयांची उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा आहे. अशा प्रश्नपत्रिकेत आधी इंग्रजी प्रश्न आणि पुढे त्यांचे मराठी रूपांतर छापलेले असते. वरच्या सूचनांमध्ये ‘संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहावी’ असे एक वाक्य असते. ते गांभीर्याने घ्यावे. रूपांतरातली संज्ञा अनोळखी वाटली, की पान उलटून इंग्रजी प्रश्न वाचावा. पुष्कळदा तिथे वर्गात ऐकलेला शब्द सापडतो. ‘सीमांत उपयोगिता’ म्हणजे काय हे ठाऊक नसलेला विद्यार्थी ‘मार्जिनल युटिलिटी’ वाचताच उत्तर लिहू लागतो, आणि याच्या उलटही घडते. म्हणून प्रत्येक विषयाच्या वहीत मागच्या पानांवर पारिभाषिक शब्दांची जोडयादी ठेवावी: एका बाजूला मराठी संज्ञा, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि खाली स्वतःच्या शब्दांत एका ओळीचा अर्थ. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही महाजालावर विनामूल्य पाहता येतात. विश्वकोशातली नोंद आधी मराठीत वाचून मग इंग्रजी पाठ्यपुस्तकातले तेच प्रकरण उघडले, तर विषय आधीच कळलेला असल्यामुळे लक्ष फक्त भाषेकडे द्यावे लागते.

विज्ञान शाखेत मात्र इंग्रजीला पर्याय नाही. तिथे इंग्रजी सुधारेपर्यंत विषय थांबवून चालत नाही. व्याख्या इंग्रजीत पाठ कराव्यात, समजून मराठीत घ्यावे आणि उत्तरे लहान, सरळ वाक्यांत लिहावीत. वर्गात आत्मविश्वासाने इंग्रजी बोलणाऱ्यांना विषय अधिक कळतो असे मुळीच नाही. इंग्रजी माध्यमातून आलेला मित्र आणि मराठी माध्यमातून आलेला मित्र एकत्र अभ्यास करतात तेव्हा दोघांचाही फायदा होतो, हे मी वर्गावर्गांत पाहत आलो आहे.

अंतर्गत मूल्यमापन आणि ग्रंथालय

अंतिम परीक्षेबरोबर सत्रभर चालणाऱ्या चाचण्या, लेखी काम, सादरीकरण आणि तोंडी परीक्षा यांचे गुण धरले जातात. त्यांचे प्रमाण अभ्यासक्रमात दिलेले असते. हे गुण सर्वांना सारखेच मिळतात, या समजुतीने कित्येक जण आदल्या रात्री कुणाची तरी वही उतरवून काढतात. पाच पानांचे लेखी काम हा पदवीच्या काळात स्वतःचे म्हणणे मांडण्याचा पहिला सराव असतो. दोन पुस्तके आणि एक लेख वाचून, कोणते वाक्य कुठून घेतले हे नोंदवून ते लिहावे. यंत्राकडून लिहून घेतलेला किंवा महाजालावरून उचललेला मजकूर तोंडी परीक्षेतल्या पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे ओळखपत्र पहिल्या आठवड्यात घ्यावे आणि ‘एन-लिस्ट’ची सोय आहे का हे ग्रंथपालांना विचारावे. असल्यास हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके घरून वाचता येतात. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ सर्वांना खुले आहे. विद्यापीठाच्या आवारातले जयकर ग्रंथालय एकदा तरी पाहून यावे. त्याच्या वापराचे नियम तिथेच विचारावेत. मोठे ग्रंथालय डोळ्यांनी पाहिलेल्या विद्यार्थ्याचे वाचन बदलते, असा माझा विश्वास आहे.

परीक्षा आणि निकाल

परीक्षा अर्ज भरताना प्रत्येक विषयाचे नाव आणि सांकेतिक क्रमांक ताडून पाहावा, कारण चुकीचा क्रमांक गेला तर प्रवेशपत्रावर चुकीचा विषय येतो. मुदत संपल्यावर विलंब शुल्क भरावे लागते. गेल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयात मिळतात, पण त्या आपल्याच अभ्यासक्रमाच्या आहेत का हे वर्ष पाहून ठरवावे. उत्तर लिहिताना प्रश्नातले क्रियापद ओळखावे: ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’ आणि ‘चिकित्सक परीक्षण करा’ या तिन्हींना एकच पाठ केलेले उत्तर लिहिणाऱ्याचे गुण तिथेच जातात. सराव म्हणून आठवड्यातून एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहावे. दिवसभर मोबाइलवर टंकलेखन करणाऱ्या हाताला तीन तास लिहायची सवय राहिलेली नसते.

एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झाल्यास एटीकेटीच्या नियमाने पुढच्या वर्षात जाता येते आणि तो विषय पुन्हा देता येतो. किती श्रेयांक राहिले तर पुढे जाता येते, हे त्या त्या वर्षाच्या परिपत्रकात असते. मित्रांच्या सांगण्यावर विसंबू नये. गुणांविषयी शंका असेल, तर ठरावीक मुदतीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, ती विषय शिक्षकांना दाखवावी आणि त्यांचे मत घेऊनच पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करावा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला आहे. छायाप्रत वाचणे निकाल बदलला नाही तरी उपयोगाचे असते, कारण परीक्षकाने कुठे गुण दिले आणि कुठे नाहीत हे त्यातून दिसते.

वर्गाबाहेरचे शिक्षण

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. शिबिराच्या गावात सर्वेक्षण करताना समाजशास्त्राच्या पुस्तकातले शब्द माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतात. संशोधनाची आवड असलेल्यांसाठी ‘आविष्कार’ ही आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे आणि पदवीच्या विद्यार्थ्यांनाही तिच्यात भाग घेता येतो. नाटकाकडे ओढा असेल, तर पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी कुठे चालतात हे विचारावे लागत नाही. पैशांची चणचण असलेल्यांनी विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा आणि शिका योजनेची चौकशी विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे करावी. ग्रंथालय, कार्यालय किंवा प्रयोगशाळेत काही तास काम करून मानधन मिळते. पहिल्या सत्रात यांतली एकच गोष्ट निवडावी.

अडचण आली तर

आधी वर्गशिक्षक किंवा मार्गदर्शक प्राध्यापक, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य, हा क्रम बहुतेक प्रश्नांना पुरतो. अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपालाची तरतूद आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कोणत्याही वेळी तक्रार नोंदवता येते. वसतिगृहात एकटेपणा आला, झोप उडाली, अभ्यासावरून मन उडाले, तर समुपदेशकांकडे जाण्यात कमीपणा नाही. त्या आठवड्यात घरच्यांशी रोज बोलावे आणि शिक्षकांपैकी एकाला तरी सांगावे.

चौथ्या वर्षाचा निर्णय

तीन वर्षांनी पदवी घेऊन दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते किंवा चौथे वर्ष पूर्ण करून ऑनर्स पदवीनंतर एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळवता येते. एकूण वर्षे सारखीच होतात. दुसरे महाविद्यालय, दुसरे शहर किंवा पदव्युत्तर विभागातले वातावरण हवे असेल, तर तीन अधिक दोन हा मार्ग बरा. आहे तिथेच विषयात खोल जायचे असेल आणि संशोधन प्रकल्पासाठी चांगले मार्गदर्शक असतील, तर चौथे वर्ष करावे. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष चालते का आणि मुख्य विषयात संशोधन प्रकल्पाला मार्गदर्शन कोण करते, हे पाचव्या सत्रातच विभागप्रमुखांना विचारून ठेवावे. सहाव्या सत्राची परीक्षा सुरू झाल्यावर प्रवेशाच्या तारखा आणि अभ्यास एकमेकांवर येतात आणि मग विचार करायला सवड मिळत नाही.